दिवा, फीत आणि माल्टाचा क्रूस

या महोत्सवी अंकासाठीं कांहीं लिहून द्यावें अशी संपादक मंडळानें आम्हांस विनंति केली, त्याच आठवड्यांत सभागृहामागची अडगळीची खोली उघडण्यांत आली. तींतून तीन मोडक्या खुर्च्या, नाताळच्या गोठ्याचें छप्पर आणि खाकी कापडाखालीं झांकलेलें सोळा मिलिमीटरचें एक प्रोजेक्टर यंत्र बाहेर निघालें. समितीच्या एका तरुण सभासदांनीं तें भंगारांत देण्याची सूचना मांडली. आम्हीं ती अडविली. कारण विचारण्यांत आलें, तेव्हां भर सभेंत आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर आतां सावकाश येथें लिहीत आहों. वाचकांनीं तें गोड मानून घ्यावें.

उजेडाच्या साह्यानें लहान चित्र भिंतीवर मोठें करून दाखविण्याची युक्ति सिनेमाहून दोनशें वर्षांहून अधिक जुनी आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हॉयगेन्स यानें १६५९ सालीं नाचणाऱ्या हाडांच्या सांपळ्याचीं लहान लहान चित्रें काढून ठेविलीं होतीं. तीं जादूच्या कंदिलासाठीं होतीं. आपल्या कॅथलिक लोकांत मात्र या कंदिलाचा जनक म्हणून जेज्वीट संघाचे पंडित आथानासिउस किर्खर यांचें नांव घेण्याची हौस दिसते, व तरुणपणीं आम्हीही तसेंच समजत होतों. तें खरें नव्हे. किर्खर यांनीं प्रकाश व छाया यांवरील आपल्या लॅटिन ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तींत कंदिलाची आकृति छापली, एवढेंच. शिवाय त्या आकृतींत चित्राची कांच भिंगाच्या पुढें दाखविली आहे, आणि चित्रही सुलटें आहे! तशा बेतानें कंदील बांधला तर भिंतीवर स्पष्ट चित्र मुळींच पडणार नाहीं. कांच भिंगाच्या मागें हवी, व ती उलटी हवी. ग्रंथकार थोर होते. परंतु आकृति काढणाऱ्यानें कंदील उघडून पाहिला नसावा, असा आमचा तर्क आहे. आपल्या देशीं कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास अशाच कंदिलांचे खेळ “शांबरिक खरोलिका” या नांवानें दाखविण्यास आरंभ केला, व त्यांच्या मुलांनीं ते गांवोगांव नेले. कांचांवर हातानें रंगविलेलीं तीं चित्रें पाहून लोक थक्क होत.

पुढें चित्र हालूं लागलें. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें ल्यूमिए बंधूंनीं पैसे घेऊन पहिला जाहीर खेळ केला, आणि ७ जुलै १८९६ रोजीं, म्हणजे सहा महिन्यांच्या आंत बाहेर, तो मुंबईस वॉटसन हॉटेलांत येऊन पोहोंचला. त्यांचें यंत्र हातानें फिरवावयाचें असे. त्यांत एक पंजा फितीच्या भोंकांत शिरून तिला एक चित्रभर खालीं ओढी, बाहेर निघे, वर जाई व पुन्हां शिरे. शिवणयंत्रांत कापड जसें थांबत थांबत पुढें सरकतें, तशीच ही गति होय. चित्रामागें त्यांनीं पाण्यानें भरलेलें कांचेचें भांडें ठेविलें होतें. तें प्रकाश एकवटी, व उष्णता पाणी शोषून घेई. भांडें फुटलें तर प्रकाश विखुरला जाई, व फितीस इजा होत नसे. ही बारीकशी सोय वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढल्याच वर्षीं तिचें मोल कळून आलें.

पॅरिसमधील कॅथलिक सरदार घराण्यांतील स्त्रिया गोरगरिबांच्या साह्यार्थ दरवर्षीं एक बाजार भरवीत; त्यास “धर्मादाय बाजार” म्हणत. १८९७ च्या मे महिन्यांत तो ज्याँ-गुजाँ रस्त्यावरील मोकळ्या जागेंत लांकडी मंडप उभारून भरविण्यांत आला. आंत रंगविलेलें कापड व पुठ्ठा लावून मध्ययुगीन गल्लीचा देखावा केला होता, वर कापडाचें छत होतें, आणि एका बाजूस त्या काळचें नवल म्हणून सिनेमाचें यंत्र ठेविलें होतें. दिवा विजेचा नव्हता. ईथर या अत्यंत ज्वालाग्राही द्रवाची वाफ व प्राणवायु यांच्या मिश्रणावर तो जळे. ४ मे रोजीं पोपमहाशयांचे वकील बाजारास भेट देऊन गेले, व त्यानंतर थोड्याच वेळानें, चारच्या पुढें, दिव्यांतील ईथर संपलें. यंत्रवाल्यानें तें त्या कोंदट, अंधाऱ्या जागेंतच पुन्हां भरलें. अंधारांत दिसेना म्हणून साह्यकास उजेड करण्यास सांगितलें. त्यानें आगकाडी ओढली. जागेंत ईथरची वाफ भरलेली होती. कांहीं मिनिटांत सर्व मंडप पेटला. १२६ माणसें मृत्यु पावलीं, व त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीण, आलांसोंची डचेस, हिनें आपल्या हाताखालच्या मुली आधीं बाहेर जाऊं द्या, असें म्हणून जागा सोडली नाहीं. तिचें शव पुढें दंतवैद्यानें दांतांवरून ओळखिलें. मागल्या बाजूस एका हॉटेलाचें स्वयंपाकघर होतें. तेथील आचाऱ्यानें खिडकीचे गज तोडून कित्येकींना आंत ओढून घेतलें. त्या ठिकाणीं आज आमच्या सांत्वनमाता मरियेचें चॅपेल उभें आहे. तें १९०० सालीं उघडण्यांत आलें.

आतां या घटनेंतील जें आम्हांस सर्वांत अधिक बोंचतें, तें सांगतों. चारच दिवसांनीं, ८ मे रोजीं, नोत्र-दामच्या महामंदिरांत मृतांसाठीं मोठा विधि झाला. प्रजासत्ताकाचे अध्यक्ष समोर बसलेले होते. दोमिनिकन संघाचे फादर ऑलिविये यांनीं प्रवचनांत सांगितलें कीं, फ्रान्सनें देवाकडे पाठ फिरविली, म्हणून देवानें हें प्रायश्चित्त घेतलें. त्या प्रवचनावर देशभर संतापाची लाट उठली. आम्हीही प्रवचनें करितों. दुःखी लोकांसमोर उभें राहून कांहीं तरी अर्थ सांगावा, हा मोह किती बळकट असतो तें आम्हांस ठाऊक आहे. तथापि आमच्या मतें फादरमहाशय चुकले. अनाथांच्या साह्यास धांवून आलेल्या आयाबहिणींना जाळून देव राष्ट्राचा हिशेब चुकता करितो, असें मानण्यास शुभवर्तमानांत आधार नाहीं. शिलोआमचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हां ते इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभूनें स्वतःच विचारून त्याचें उत्तर “नाहीं” असें दिलें आहे. त्या दिवशीं पाप म्हणावयाचें तर तें इतकेंच होतें: दिवा बाहेर नेऊन, थंड करून, दिवसाच्या उजेडांत भरावयास हवा होता. न्यायालयांतही शेवटीं हेंच आलें. बाजाराच्या प्रमुखास दंड झाला, व यंत्र चालविणाऱ्या दोघांस शिक्षा सुनावण्यांत आली.

ईथरचे दिवे मागें पडले, परंतु धोका टळला नाहीं, कारण तो फितींतच होता. त्या काळची फीत नायट्रेट सेल्युलोजची असे, आणि हें द्रव्य बंदुकीच्या कापसाचें भावंड होय. एकदां पेटलें कीं तें आपला प्राणवायु आपणच पुरवितें; पाण्यांत बुडविलें तरी जळत राहतें. दिव्याच्या प्रखर झोतापुढें अशी फीत क्षणभर अडकली तरी पुरे. म्हणून इंग्लंडांत १९०९ चा कायदा होऊन यंत्र प्रेक्षकांपासून वेगळ्या, आगीस दाद न देणाऱ्या खोलींत ठेवणें भाग पडलें. हिंदुस्थानांत १९१८ सालीं सिनेमाचा कायदा झाला. ज्यांनीं हे नियम धाब्यावर बसविले त्यांचें काय झालें याचें उदाहरण आयर्लंडमधील ड्रमकॉलहर या कॅथलिक खेड्याचें आहे. ५ सप्टेंबर १९२६ रोजीं, रविवारीं सायंकाळीं, मंदिरांतील भक्ति आटोपून लोक एका लांकडी माडीवर सिनेमा पाहण्यास जमले. रिळें शहरांतून आणिलीं होतीं तीं धातूच्या डब्यांतून काढून, नुसतीं. जवळ मेणबत्ती जळत होती. ४८ जण गेले. त्यांस त्याच गांवच्या मंदिराच्या आवारांत एकत्र पुरण्यांत आलें. स्कॉटलंडमधील पेझ्ली येथें ३१ डिसेंबर १९२९ रोजीं तर ज्वाळाही भडकल्या नव्हत्या. डब्यांतील रिळाचा नुसता धूर झाला, मुलें घाबरून दाराकडे धांवलीं, दार उघडलें नाहीं, आणि चेंगराचेंगरींत ७१ मुलें मेलीं. १९५० च्या सुमारास नायट्रेट फीत बनविणें बंद झालें व सुरक्षित ॲसिटेट फीत सर्वत्र आली. तोंवर प्रत्येक केबिनमधील ऑपरेटर हा एका अर्थीं दारूगोळ्याचा रखवालदार होता.

मोठ्या यंत्राची रचना कशी असते, हें येथें थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे. कारण ती समजल्याशिवाय त्या माणसाचें काम समजत नाहीं. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर प्रत्येक चित्राच्या दोहों बाजूंस चार चार भोंकें असतात. बोलपटांत सेकंदास २४ चित्रें, म्हणजे मिनिटास ९० फूट फीत यंत्रांतून जाते. अडीच तासांच्या खेळांत साडेतेरा हजार फूट फीत, व दोन लक्ष सोळा हजार चित्रें! यांतील प्रत्येक चित्र भिंगासमोर येऊन पूर्ण थांबलें पाहिजे. पुढलें येतांना मधली हालचाल प्रेक्षकांस दिसूं नये म्हणून पंख्यासारखें शटर उजेड अडवितें.

हें थांबणें व हालणें ज्या चक्रानें साधतें त्यास माल्टाचा क्रूस म्हणतात. सेंट जॉनच्या संघाचे धर्मवीर १५३० ते १७९८ पर्यंत माल्टा बेटावर राहत. त्यांच्या चिन्हाशीं या चक्राचा आकार जुळतो, म्हणून हें नांव. मुळांत ही युक्ति जिनीव्हाच्या घड्याळजींची असून, १८९६ च्या सुमारास बर्लिनच्या ओस्कर मेस्टर यांनीं ती सिनेमाच्या यंत्रास लाविली. क्रुसास चार खांचा असतात. शेजारचें चक्र सेकंदास २४ वेळां फिरतें, व त्यावरील खुंटी दर फेऱ्यास एका खांचेंत शिरून क्रूस पाव फेरा फिरविते. क्रुसाच्या आंसावर सोळा दांत्यांचें चाक असतें. पाव फेऱ्यांत चार दांते, चार दांत्यांत एक चित्र. चित्र बदलण्यास सेकंदाचा शहाण्णवावा भाग लागतो, आणि त्याच्या तिप्पट वेळ तें स्थिर राहतें. हा क्रूस तेलाच्या बंद पेटींत बुडालेला असतो. खुंटी व खांच यांत केसभर सैलपणा आला कीं पडद्यावरील चित्र उड्या मारूं लागतें. अति घट्ट बसविला तर आवाज करितो, तापतो, व लवकर झिजतो. म्हणून चांगला ऑपरेटर खेळापूर्वीं तेलाची पातळी कांचेंतून पाही, आणि यंत्र हातानें एकदां फिरवून बोटांस काय जाणवतें तें घेई. तें बोटांचें ज्ञान कोणत्याही पुस्तकांत सांपडत नाहीं.

शटरची वेळ चुकली तर निराळाच विकार होतो: नांवांच्या पाटीवरील पांढऱ्या अक्षरांस वर किंवा खालीं पांढऱ्या शेपट्या फुटतात. प्रेक्षकास वाटतें चित्रपटच वाईट छापलेला आहे; ऑपरेटरास कळतें कीं शटर आपल्या आंसावर किंचित् सरकलें आहे. आणि गेट! ज्या अरुंद खिंडींतून फीत भिंगासमोर जाते तें गेट म्हणजे यंत्राचा घसाच. त्याचा दाब अधिक झाला तर भोंकें फाटतात, कमी झाला तर चित्र थरथरतें. नव्या कोऱ्या फितीवरील लेप मऊ असतो. तो घासून गेटच्या पट्ट्यांवर खरजेसारखा जमतो, व पुढची सगळी फीत ओरबाडतो. तो खरवडावयाचा तर लांकडाच्या काडीनें किंवा तांब्याच्या नाण्यानें. चाकू लावला तर पट्टीवर जी रेघ पडेल ती पुढील प्रत्येक चित्रपटावर उमटेल. गेटच्या वर व खालीं फितीचें एक एक सैल वेटोळें ठेवावें लागतें, कारण वरचें चाक अखंड फिरतें व क्रूस थांबत थांबत. वेटोळें गेलें कीं फीत ताणून तुटते. ध्वनि गेटच्या खालच्या दिव्यापाशीं वाचला जातो, म्हणून तो चित्राच्या सुमारें वीस चौकटी पुढें छापलेला असतो. वेटोळें लहानमोठें झालें तर ओंठ एक बोलतात व आवाज दुसरा येतो.

याशिवाय दिवा. पूर्वीं दोन कार्बनच्या कांड्यांमध्यें विजेची ठिणगी पेटवून उजेड करीत. कांड्या जळून आंखूड होत, अंतर वाढे, पडद्यावर पिवळट किंवा निळी छाया येई. ऑपरेटर काळ्या कांचेंतून पाहून त्या पुन्हां जवळ आणी. दर वीस मिनिटांस एक रीळ संपे. शेवटच्या सेकंदांत चित्राच्या उजव्या कोपऱ्यांत एक ठिपका चमके, तेव्हां दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करावयाची. दुसरा ठिपका दिसतांच उजेड तिकडे फिरवावयाचा. प्रेक्षकांपैकीं शंभरांत एकासही तो ठिपका दिसत नसे. ऑपरेटराचें सर्व कौशल्य असें होतें कीं, तें नीट वठलें तर कोणास कळतही नाहीं, व चुकलें तर सगळें गृह शिट्या वाजवितें. १९३६ सालीं पोप अकरावे पायस यांनीं सिनेमाविषयीं जें परिपत्रक काढिलें तें मुख्यतः चित्रपटांच्या नीतीविषयीं आहे, आणि तें योग्यच होय. परंतु वर केबिनमध्यें घामानें निथळत उभ्या असलेल्या माणसाविषयीं कोणीं तरी चार शब्द लिहावयास हवे होते, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

आपल्या महाराष्ट्राचा या विद्येशीं संबंध जवळचा आहे, व तो ख्रिस्तचरित्राशीं जोडलेला आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१०-११ च्या सुमारास मुंबईस प्रभु येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला, आणि आपल्या देवादिकांचीं चित्रें अशीच हालतीं कां असूं नयेत, या ध्यासानें त्यांस पछाडलें. १९१३ च्या मे महिन्यांत “राजा हरिश्चंद्र” लोकांपुढें आला. त्या काळीं कोऱ्या फितीस भोंकें घरींच पाडावीं लागत. तें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारांत बसून करीत. एक भोंक चुकलें तर चित्र उडणार, हें त्या माउलीस ठाऊक होतें. पुढें जत्रांतून तंबूचे सिनेमे फिरूं लागले. ट्रकवर चढविलेलीं तीं जुनीं यंत्रें व तीं जिवंत ठेवणारे कारागीर २०१६ सालच्या “द सिनेमा ट्रॅव्हलर्स” या माहितीपटांत पाहावयास मिळतात. ज्यांस शक्य असेल त्यांनीं तो अवश्य पाहावा.

आतां आमच्या स्वतःच्या फजितीकडे वळतों. १९९१ च्या उपवासकाळांत, आम्ही सेमिनरींत शिकत असतां, आम्हांस एका खेड्यांत “दयासागर” दाखविण्यास धाडण्यांत आलें. मूळ १९७८ चा तेलुगू चित्रपट तो. हिंदींत उतरवून खेडोपाडीं फार दाखविला जाई. यंत्र सोळा मिलिमीटरचें. त्यांत माल्टाचा क्रूस नसतो; ल्यूमिए बंधूंच्या पंजाचाच तो वंशज. मंदिरासमोरच्या पटांगणांत पांढरी चादर ताणली होती, व चारपांचशें माणसें जमिनीवर बसलीं होतीं. आम्हीं मोठ्या भक्तिभावानें प्रार्थना म्हटली व यंत्र सुरू केलें. तासाभरानें प्रभु गेथशेमनी बागेंत गुडघे टेंकतात तोंच चित्र उडूं लागलें, मग थबकलें, आणि प्रभूच्या मुखावर मधोमध एक तपकिरी डाग उमटून फोडासारखा पसरत गेला. फीत दिव्यासमोर अडकून वितळत होती. लोकांच्या तोंडून एकच हाय निघाली; पुढें बसलेली एक म्हातारी छाती बडवून रडूं लागली. आम्ही बटण शोधीत होतों, तें सांपडेना.

गांवांत विजेचीं उपकरणें दुरुस्त करणारे एक काका होते. ते शांतपणें पुढें आले, दिवा बंद केला, गेट उघडलें व आंत बोट फिरवून आम्हांस दाखविलें. बोटावर काळी मळी होती. आदल्या तीन खेळांत कोणीं तें पुसलेंच नव्हतें.

“ब्रदर,” ते म्हणाले, “आधीं गेट पुसायचं, मग प्रार्थना म्हणायची. देव कांहीं तुमचं गेट पुसायला येणार नाहीं.”

आम्हांस भयंकर लाज वाटली. जळालेल्या दोन चौकटी कापून, चिकटपट्टीनें सांधा देऊन, वेटोळें पुन्हां बसवून त्यांनीं अर्ध्या तासांत यंत्र चालू करून दिलें. तोंवर लोक अंधारांत बसून रोझरी म्हणत होते. एकही उठून गेला नाहीं. ॲसिटेट फीत होती म्हणून फक्त वितळली. नायट्रेटची असती तर काय झालें असतें याचा विचार आम्हीं पुष्कळ वर्षांनंतर, पॅरिसची हकीकत प्रथम वाचली त्या रात्रीं केला, व त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

पुढला इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. १९५० नंतरच्या दशकांत कार्बनच्या जागीं झेनॉन वायूचे दिवे येऊं लागले. ते बदलतांना तोंडावर जाळी व हातांत मोजे लागत, कारण आंतील वायूचा दाब मोठा, आणि कांचेस बोटाचा तेलकट डाग लागला तरी ती तापून फुटण्याचें भय. २००५ सालीं संगणकीय प्रक्षेपणाचे नियम ठरले, व २०१०-१५ च्या दरम्यान आपल्याकडील बहुतेक चित्रपटगृहांतून फीत नाहींशी झाली. आतां केबिनमध्यें धूळ गाळणाऱ्या जाळ्या साफ करणें व दिव्याचे तास मोजणें हें मुख्य काम उरलें आहे. चित्र हालत नाहीं, ओरबाडत नाहीं. आम्हांस त्याचा खेद नाहीं. ड्रमकॉलहरच्या आयांनीं हें यंत्र आनंदानें घेतलें असतें.

अडगळीतलें आमचें यंत्र आम्हीं उघडून पाहिलें. रबरी पट्टे विरघळून चाकांस चिकटले आहेत, भिंगांत बुरशीचें जाळें आहे, परंतु पंजा अद्याप नीट हालतो. सोबतच्या एका रिळास सिरक्याचा आंबट वास येतो. ॲसिटेट फीत कुजूं लागली कीं असें होतें, व तो विकार शेजारच्या रिळांसही लागतो. म्हणून तें वेगळ्या डब्यांत ठेविलें आहे. कोणींही तें कपाटांत परत ठेवूं नये. महोत्सवाच्या तीनही दिवशीं यंत्र सभागृहांत व्यासपीठाच्या डाव्या हातास मांडण्यांत येईल. विजेची तार काढून टाकिली आहे. मुलांनीं बाजूचें बटण हातानें फिरवून पंजा कसा चालतो तें पाहण्यास हरकत नाहीं. मात्र तें घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनेंच फिरवावें. गेट आम्हीं पुसून ठेविलें आहे.